नकाशावरचा ठिपका

प्रिय श्रुतू,

काल दुपारपासून तुझ्या नकाशावरचा माझा ठिपका नाहीसा झालाय आणि तू मुलुंडहून अकरा वेळा फोन केलास. एकदा उचलून मी ठणठणीत आहे एवढंच सांगितलं, बाकीचं या कागदावर. ठिपका मीच पुसला. तुझ्या सौरभने पासवर्ड लावून बसवलेलं, मी कुठे आहे ते तुला दाखवणारं ते अ‍ॅप आता माझ्या फोनात नाही, आणि दिवाळीला तुम्ही देणार असलेल्या नव्या फोनातही मला ते नको. रागवायचं तर पूर्ण वाचून रागव.

गेल्या वर्षी आरे कॉलनीत फिरताना मला चक्कर आली, तेव्हापासून तुझ्या जिवाला घोर लागला, हे कळतं मला. तू लहान होतीस तेव्हा शाळेची बस वळेपर्यंत मीही गॅलरीत उभी राहायचे. पण बस वळली की आत यायचे गं. तुझं मात्र सुरू झालं, "आई, आज परत वर्सोवा? रोज मासे खातेस की काय?" "तीन तास खाडीपलीकडच्या जेट्टीवर काय करत होतीस?" मी सुकट, बोंबील, कसलीही कारणं सांगायला लागले. पुढे तर फोन घरी ठेवून चोरासारखी बाहेर पडायला लागले. चौसष्टाव्या वर्षी!

तेव्हा ठरवलं, पासवर्ड नसला तरी ते अ‍ॅप काढायचंच. फोन सात वर्षांचा, कंपनीने त्याच्याकडे कधीच पाठ फिरवलेली. इंटरनेटवर त्याच्यासाठी लोकांनी स्वतः बनवलेली नवी सिस्टिम सापडली. सूचना सगळ्या इंग्रजीत, पण कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी एवढं तर शिकवलंय. आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमधली जुनी रीत वापरली: एकाने वाचायचं, दुसऱ्याने मोठ्याने परत म्हणायचं, मगच हात लावायचा. समोर बसून वाचणारं माणूस होतं, त्याच्याबद्दल शेवटी सांगते.

नवी सिस्टिम घालायला कंपनीने फोनला लावलेलं कुलूप उघडावं लागतं आणि ते उघडलं की आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून तुझे फोटो आधी लॅपटॉपवर घेतले. मग लॅपटॉपवरून वायरने नवी सिस्टिम फोनात पाठवायला लागलो, तर आकडा सत्तेचाळीस टक्क्यांवर अडकला. पाच मिनिटं हलेना. एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉलच्या बोर्डावर लाइन अडकली की दोरी उपटून परत खोचायची, एकोणीस वर्षं हाताला तीच सवय. उपटली मी वायर! फोन मेला. समोरून "झकास! लावलीस वाट!" आणि वर हसणं. परत पहिल्यापासून सगळं केलं. या खेपेला मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. आकडा परत सत्तेचाळीसवरच थांबला, पण फोन आतल्या आत काम करत राहिला आणि सुरू झाला. शेवटी रूटही केला, म्हणजे आता त्यातलं काय ठेवायचं नि काय काढायचं, हे मी ठरवणार. बँकेचं अ‍ॅप अशा फोनवर चालत नाही म्हणे. नसेल चालत तर नसू दे. बँक सात मिनिटांवर आहे आणि माझे पाय चालतात.

वाचणारे होते चंद्रप्रकाश. आमच्याच एक्स्चेंजमध्ये केबल जोडायचे. तुझ्या बारशाला आले होते, तुला आठवणार नाही. पत्नी जाऊन सहा वर्षं झाली, मढला जेट्टीजवळच एकटे राहतात. वर्सोव्याहून मी होडीने पलीकडे त्यांच्याकडे जाते. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली, श्रुतू. त्यांना मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. पण येत्या सोळा तारखेला आम्ही रजिस्टर लग्न करतोय. तुझी परवानगी मागत नाही. फक्त हे तुला नकाशावरून कळायला नको होतं, आईकडून कळायला हवं होतं. म्हणून आधी ठिपका पुसला आणि मग पत्र लिहायला बसले. साक्षीदार म्हणून एक सही कमी पडतेय. येशील?

कुठेही असले तरी तुझीच,
आई