बाबांचे राहिलेले पाच शेक

सोम. ४ मार्च १९६८
आज इस्पितळात बाबांचा सोळावा शेक. त्यांनी पुन्हा मान साबणाने घासली. कोबाल्टचे किरण कुठे द्यायचे त्याच्या जांभळ्या रेघा डॉक्टरांनी मानेवर, छातीवर आखल्यात. पाणी लावू नका, शंभरदा सांगून झालं. बाबांचं एकच, "देवाक पारोसो हात लावू काय?" मशीनवाला ओरडला तो मात्र मला. "बाई, रोज नवा नकाशा काढायचा का?" जसं काही मीच घासते.

गुरु. ७
बाबांचा घसा आतून भाजल्यासारखा झालाय. फक्त पेज जाते. तरी इस्पितळाच्या बाकावर फ्रान्सिसकाकांशी गप्पा चालू. हे मरोळकडचे, भाजीचा मळा आहे, यांनाही लिम्फोमाच, गाठींचा कॅन्सर. दोघं एकमेकांची मान चाचपून बघतात. बाबांची लिंबाएवढी गाठ आता हाताला लागत नाही. डॉक्टर म्हणाले, गाठ गेली म्हणजे रोग गेला असं नाही, पंचवीस शेक म्हणजे पंचवीस.
फ्रान्सिसकाका उद्या यायचेत ना, बाबा मला विचारतात. मला काय माहीत!

सोम. ११
वीस झाले आणि आज बाबा उठेचनात. "गाठ खंय आसा? हात लावून बघ." मी साडी नेसून, डबा भरून तयार. अर्धा तास वाद. शेवटी मी एकटी शाळेत गेले. तिसरीच्या पोरांवर उगाच खेकसले.

बुध. १३
तिसरा दिवस बुडाला. हात जोडले, रडले, काही नाही. संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "फ्रान्सिस शुक्रवारी इलो नाय. मेलो असतलो. माका कशाक नेतस?"
हे आधी सांगायला काय झालं होतं? गाठीचं निमित्त कशाला?
वाईट वाटलं. राग गेला नाही.

शनि. १६
अर्ध्या दिवसाची शाळा. मुलुंडहून दोन बस बदलून मरोळ. क्रूसाजवळ विचारलं, घर सापडलं. मनात सांत्वनाचं काय बोलायचं ते जुळवत गेले होते. बघते तर काका मुळ्याच्या वाफ्याला पाणी घालतायत!
"गाठ गेली ना, मग मीच बंद केलं."
मी जी सुरू झाले... मागून त्यांची बायको मेरीबाई बाहेर आल्या. "बोल गं, बोल. माझं ऐकतच नाही हा." दोघींनी मिळून झाडलं. काका मान खाली घालून उभे राहिले. सोमवारी येतो म्हणाले.
बाबांना सांगितलं. विश्वास नाही. "तू माका फसवतस."
तरी रात्री बुशकोट काढून ठेवला.

सोम. १८
फ्रान्सिसकाका पाऊण तास उशिरा, चर्चला जायच्या कोटात. बाबा उठून उभे. "जितो आसस काय रे!" मग दोघं हसतायत, आणि मी आठ दिवस जेवले नव्हते धड.
डॉक्टर दोघांवर भडकले. नव्या रेघा काढल्या. मधे खंड पडला त्याचं काय, मी विचारलं. "आधी राहिलेले पूर्ण होऊ देत. मग बघू." म्हणजे काय ते सांगत नाहीत.
एकविसावा झाला. बाहेर येऊन बाबा बाकावर टेकले, मान चाचपली. मग हळूच, "गाठ परत इली तर?"
"तर परत यायचं."
"परत?"
"हो, परत!"
एवढं ओरडायला नको होतं. सगळा बाक वळून बघायला लागला.