उलटी दुर्बीण

६ ऑक्टोबर १९२८, शनिवार
नागम्मा मिळणार नाही. लग्नाचं विचारायला गेलो, तर तिचे वडील सिद्धाप्पा दारातच आडवे आले. पंचांगवाले वीरभद्रप्पा म्हणतात, मुलाला साडेसाती आहे, शनी त्याच्याच राशीला बसलाय. "आमचा काय विलाज हाय?" आत भांड्यांचा आवाज थांबला. तीच असणार.

परतताना वीरभद्रप्पांना गाठलं. शनी आकाशात कुठे आहे, दाखवा म्हटलं.
"वृश्चिकेत की."
बोटानं दाखवा म्हटलं. छत्री काखेत मारून चालते झाले.

ठरलं. जो माझ्या वाईटावर आहे त्याला मी पाहणार.

८ ऑक्टोबर, सोमवार
चांदसाबच्या जुन्या सामानाच्या दुकानात दोन दुर्बिणी. एक लांब, पितळी, चकचकीत. दुसरी आखूड, पोचे पडलेली — तिच्यातून समोरचा टांगा उलटा दिसतो. दोन्ही तीन-तीनदा पाहिल्या. उलटीचं पुढचं भिंग मोठं, चित्र उजळ. वाचनालयातल्या पुस्तकातही हेच आहे: सुलटं दाखवायला जादा भिंगं लागतात, ती उजेड खातात.

"उल्टी कायकू लेते भाई? घोडा आसमान में चलता दिखता," चांदसाब हसला.
म्हटलं, मला आसमानच बघायचंय.

बदल्यात सायकल दिली. उद्यापासून गिरणीला पायी.

११ ऑक्टोबर
तीन संध्याकाळी वाया. तारा डावीकडे निसटला की नळी उजवीकडे न्यायची, हे हाताला पटत नाही. आई माळवदाखालून म्हणते, "त्याच्याकडं टक लावून बगू नगंस. आदीच कोपलाय." दर शनिवारी ती त्याला तेल घालते. "तू तेल घाल, मी बघतो," म्हणालो. मग वाईट वाटलं. तरी वर गेलोच.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार
चूक कळली. मी आभाळभर नळी फिरवत होतो. मागावर धागा तुटला तर असं शोधतो का? शेजारचा शाबूत धागा धरतो, तिथून मोजत जातो. आज आधी वृश्चिकेतला ज्येष्ठेचा तांबडा तारा धरला. तिथून डावीकडे, थोडं वर — एकेक तारा मोजत.

सात वाजून दहा मिनिटांनी सापडला. फिकट पिवळा दाणा, भोवती कडं! नळी विटेवर टेकवून पुन्हा पाहिलं. कडंच.

मी डोळा हलवला नाही. त्याला हवं तर त्यानं नजर वळवावी.

वीरभद्रप्पांना निरोप धाडला: शनी दाखवतो, या.

१३ ऑक्टोबर
शनिवार, त्यात अमावास्या. आले! बराच वेळ नळीला डोळा लावून बसले. मग हळू म्हणाले, "दोष ह्याच्यावर कशाला घालायचा, पोरा. साडेसातीत काय लग्नं होत न्हाईत? सिद्धाप्पाला गिरणीतला जावई नगं होता. तोंडावर कसं सांगायचं, म्हनून माज्याकडनं शनीचं नाव वदवून घेतलं."

सकाळी सिद्धाप्पांच्या दारात जातो. तिथे दुर्बीण लागणार नाही.