खेमसिंगसाठी सीडी

४ डिसेंबर २०२३, सोमवार. सकाळी ९.
रोजनिशी पुन्हा सुरू. मागची ऑगस्टात बंद पडली. पेन नीट चालत नव्हतं.
संकल्प एकच. खेमसिंगसाठी कवितांची सीडी तयार करायची आणि येत्या रविवारी पुसदला जाऊन त्याच्या हातात द्यायची.
एकाच शाळेत आम्ही सव्वीस वर्षं शेजारशेजारच्या वर्गांत. तो चौथीला, मी पाचवीला. मधली भिंत इतकी पातळ, की इकडे मी कवितेचं पहिलं कडवं म्हणावं आणि तिकडे त्याच्या पोरांनी दुसरं उचलावं. दसऱ्यानंतर त्याला लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं निम्मं गेलं. डॉक्टर म्हणाले, जुनं, ओळखीचं काहीतरी ऐकवत राहा. म्हणजे कविता. म्हणजे मी.
मोबाईलवर सात कविता चालीसकट रेकॉर्ड करून कॉम्प्युटरमध्ये घेतल्या आहेत. शेवटी चार वाक्यं बोललो आहे. ती इथे लिहायचं कारण नाही. निवृत्तीला विद्यार्थ्यांनी त्याला सीडी प्लेअर दिला होता, त्यावर ऐकेल. निवांत. मी समोर नसताना ऐकलेलं बरं.
सोपं काम आहे. उद्या दुपारपर्यंत होईल.

५ डिसेंबर, मंगळवार.
झालं नाही. कॉम्प्युटर म्हणतो, लिहिता येईल अशी डिस्क घाला. घातलेली आहे. कोरी, आत्ताच पाकिटातून काढलेली. बाहेर काढून परत घातली. पुन्हा तेच. एखाद्या पोराला पाच वेळा विचारावं आणि त्याने पाचही वेळा, गुरुजी, पाटी नाही आणली म्हणावं, तसं.
निदान : डिस्क खराब. बाजूला काढली.

६ डिसेंबर, बुधवार.
आणखी दोन डिस्क खराब निघाल्या. विक्कीच्या दुकानात गेलो. बंद. सहा डिसेंबर लक्षातच नव्हता. तो विहारात असणार.

७ डिसेंबर, गुरुवार.
विक्की स्वतः घरी आला. माझाच विद्यार्थी. आता चाळिशी ओलांडली, महागावात कॉम्प्युटर-मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. ड्राइव्हच्या तोंडाशी वाकून पाहिलं आणि म्हणाला, सर, हे फक्त वाचते. याले लिवता येत नाही. तुमी गाणे पेनड्राइव्हवर द्या, मी चार मिनिटात सीडी मारून देतो.
गाणे म्हणाला. कवितांना. माझा त्याच्या निदानावरचा विश्वास तिथेच उडाला. पाचवीतही असाच, प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर. आणि ज्याला वाचता येतं त्याला लिहिता येत नाही, हे मी छत्तीस वर्षं मराठी शिकवून कसं मान्य करू. शिवाय ती शेवटची चार वाक्यं. रिचार्जला आलेल्या लोकांसमोर दुकानात वाजली तर?
चहा पाजून पाठवलं.

९ डिसेंबर, शनिवार.
निदान : धूळ. जिनिंगकडून कापसाचा फुफाटा येतो, तो आत बसला असणार. चष्म्याच्या फडक्याने ट्रे पुसला. बायकोचा, म्हणजे कोकिळेचा, रांगोळीचा ब्रश वापरला. तो परत ठेवायचा राहिला. त्यावर बोलणी खाल्ली.
तिचं म्हणणं, तुमी सोता जाऊन काहून नाही म्हनत त्यायच्यापाशी? पाऊण तासाचा रस्ता हाय. तोंड तर सोबतच असते तुमचं.
तिला यातल्या तांत्रिक बाजू कळत नाहीत.
उद्याचा रविवार हुकतो. पुढचा नक्की.

१२ डिसेंबर, मंगळवार. सकाळी ६.३०.
निदान : व्होल्टेज. दुपारी गव्हाला पाणी देणं चालू असतं, सगळे पंप एकदम ओढतात. म्हणून पहाटे उठलो. खेमसिंग असाच पहाटे उठून सायकलने तांड्यावरून यायचा. डबलसीट एखादं पोरगं, हँडलला आंब्याची पिशवी, आणि ओठांवर ती ओढ्याची कविता.
ओढ्या रे ओढ्या, थांब घडीभर,
बसू दे मजला काठावर.
आमच्या मोठ्या गुरुजींनी प्रत्येक नव्या शिक्षकाला आधी चाली शिकवल्या, मग मस्टरवर सही करू दिली. लिंबाखाली बसवून. खेमसिंगने त्या मनापासून शिकून घेतल्या. माझा कान जात्याच तयार असल्यामुळे मी तितकंसं लक्ष दिलं नाही.
व्होल्टेज उत्तम. डिस्क खराब. एकूण सहा.

१५ डिसेंबर, शुक्रवार. संध्याकाळी.
आज पुसदला गेलो. चांगल्या कंपनीच्या डिस्क आणायला. दुकानदाराने मागच्या फळीवरून पुडकं काढून बाहीने पुसलं आणि विचारलं, बाबूजी, हे आता कोन घेते? मी म्हटलं, ज्यांना महत्त्वाचं काम असतं ते.
बसला वेळ होता. पाय सवयीने खेमसिंगच्या गल्लीकडे वळले. तोंडाशीच रसवंती आहे, तिथे बसलो. निळं फाटक दिसत होतं. वहिनी मिरच्या वाळत घालत होत्या.
सीडीशिवाय हात हलवत काय जायचं? तो माझ्याकडे पाहणार, मी त्याच्याकडे. त्याचं बोलणं निम्मं, म्हणजे उरलेलं मला बोलावं लागणार. त्यापेक्षा काम पुरं करून गेलेलं चांगलं. रस गोड होता. दोनची बस मिळाली.
कोकिळेला सांगितलं, वेळच नव्हता.

१७ डिसेंबर, रविवार.
सीडी नाही, त्यामुळे जाणं नाही.
नव्या डिस्कही तसल्याच. खराब झालेल्या सगळ्या कोकिळेने दोऱ्याला बांधून मेथीच्या वाफ्यावर लटकवल्या आहेत. चमकतात, म्हणून पाखरं येत नाहीत. शेजारच्या विमलताई फाटकातून म्हणाल्या, मास्तर, दिवाळी झाली ना बाप्पा, आकाशकंदील काहून लावले?

१९ डिसेंबर, मंगळवार.
डोंगरसिंगचा फोन. खेमसिंगचा मुलगा. म्हणाला, काका, बाबा तुमचं नाव घेऊन राह्यले. सर, सर करते. एक डाव येऊन जा ना.
त्याला सीडीची सविस्तर कल्पना दिली. कवितांचा क्रम, दोन कवितांमध्ये किती सेकंद सोडले आहेत, सगळं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, ठीक हाय काका, प्लेअर काढून ठेवतो मी.
समजूतदार मुलगा. बापावर गेला आहे.

२० डिसेंबर, बुधवार.
काल फोन आल्यापासून एक जुना प्रसंग मनात घोळतो आहे. क्षुल्लक आहे. लिहून मोकळा होतो.
२०१२. खेमसिंगचा निरोप समारंभ. मी आधीच निवृत्त, पाहुणा म्हणून स्टेजवर. गावातली दोनशे माणसं. पोरांनी हट्ट धरला म्हणून तो ओढ्याची कविता म्हणू लागला. डोळे मिटून म्हणत होता. पहिलं कडवं संपायच्या आत मी उठलो आणि माईक घेतला. म्हटलं, खेमसिंग, निवृत्त होईपर्यंत चाल चुकतेच आहे तुझी. आणि बरोबर चाल म्हणून दाखवली. लोक हसले. टाळ्याही पडल्या. तो हात जोडून म्हणाला, सर सांगतात ते बरोबर, आणि खाली बसला.
चूक दाखवणं हे शिक्षकाचं कामच आहे.
त्यानंतर त्याने चारचौघांत कधी कविता म्हटली नाही, असं लोक सांगतात. लोक काहीही सांगतात.

२२ डिसेंबर, शुक्रवार.
शोध लागला. मोबाईल. रेडिओजवळ मोबाईल वाजला की घरघर येते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मग डिस्कवर लिहिताना त्या लहरी आड येत नसतील? आज डोंगरसिंगचा दोनदा फोन आला आणि दोन्ही वेळा डिस्क गेली. उचलला नाही. सीडीचं काय झालं विचारणार, आणि सांगण्यासारखं काही नाही.
निर्णय : सीडी होईपर्यंत मोबाईल बंद. घरात फोन एकच असल्याने कोकिळा चिडली. बहिणीचा फोन आला तं मले कसं कयन? तिला म्हटलं, दोन दिवसांचा प्रश्न आहे.

२४ डिसेंबर, रविवार.
फोन बंद. घर शांत. डिस्क क्रमांक तेरा. खराब.
दुपारी अंगणात बसून ओढ्याची कविता म्हणून पाहिली. सीडीत जशी म्हटली आहे तशी. कोकिळा मेथी खुडत होती. म्हणाली, हे तं खेमसिंग भाऊजींची चाल होय. तुमची दुसरी हाय ना?
म्हटलं, बदल म्हणून.

२८ डिसेंबर, गुरुवार.
कोकिळेने परस्पर विक्कीला बोलावून आणलं. तो आपला लॅपटॉप घेऊन आला. माझ्याकडे कोरी डिस्क उरली नव्हती. त्याने मेथीच्या वाफ्यावरची एक सोडली, शर्टाला पुसली, उन्हात धरून पाहिली. सर, हे तं कोरीच हाय, म्हणाला. साऱ्याच कोऱ्या हाय. तुमच्या ड्राइव्हनं याईले हातच लावला नाही.
चार मिनिटं लागली. खरोखर चार. त्याने काहीही ऐकलं नाही. विचारलं, सर, वाजवून पाहू का? मी नको म्हटलं. जाताना पायाला हात लावून गेला. हुशार मुलगा. पाचवीतही होता.
डिस्कवर स्केचपेनने वळणदार अक्षरात लिहिलं : प्रिय खेमसिंगास.
उद्या पहिली बस. फोन पुसदला पोचल्यावर सुरू करीन, आधी करून त्याची गंमत घालवायची नाही.

२९ डिसेंबर, शुक्रवार.
फाटकापाशी सतरंजी होती. त्यावर पाच-सहा माणसं. डोंगरसिंगचं डोकं भादरलेलं.
रविवारी गेला. दुपारी. डोंगरसिंग म्हणाला, काका, फोन लावून लावून थकलो. बंद दाखवे.
आत गेलो. पलंगाची गादी गुंडाळून ठेवलेली. उशाशी स्टूल, स्टुलावर तो सीडी प्लेअर. पुसलेला, वायरला नवी पिन बसवलेली. वहिनी म्हणाल्या, डोंगरनं काढून ठेवला तवापासून रोज सकाळी हात दाखवत त्याच्याकडं. आज येते, सर आज येते, म्हनत.
मग म्हणाल्या, ते ओढ्याचं म्हनत ना. तोंड वाकडं झालं तरी म्हनत. तुमच्या चालीत. घरी रोज घोकून घोकून बसवली होती त्यायनं तुमची चाल. माही चुकीची होती म्हने, सरायनं बरं झालं सांगतलं.
डोंगरसिंगने विचारलं, सीडी आनली का काका? लावू आपन. बाबाच्या फोटोसमोर लावू.
पिशवीत होती. हात पिशवीवरच होता.
म्हणालो, नाही झाली रे. ड्राइव्ह खराब आहे.
त्यांनी चहा दिला. मी घेतला.
परतीच्या बसमध्ये फोन सुरू केला. अकरा मिस्ड कॉल. एक कोकिळेच्या बहिणीचा.

३१ डिसेंबर, रविवार.
सकाळी उरलेल्या सगळ्या डिस्क वाफ्यावरून काढून कोकिळेने टेबलावर आणून ठेवल्या. मेथी पाखरांनी खाल्ली तर खाऊ दे म्हणाली.
दुपारी ‘प्रिय खेमसिंगास’ आमच्याच कॉम्प्युटरमध्ये घातली. ट्रे आत गेला. थोडं फिरल्याचा आवाज. मग सुरू.
सातही कविता लागल्या. ओढ्याची शेवटी. त्याच्या चालीत, मोठ्या गुरुजींनी लिंबाखाली शिकवली त्या चालीत. माझी चाल माझीच आहे, ती मला कोणी शिकवली नव्हती. कविता संपल्यावर तीन सेकंद सोडले आहेत. मग मी बोलतो.
खेमसिंग, त्या दिवशी तुझीच चाल बरोबर होती. मला खुर्चीत परत बसता बसताच कळलं होतं. उठून सांगायला अकरा वर्षं लागली. आता तू पुन्हा म्हण, मी मधे बोलणार नाही.
आवाज स्वच्छ आहे. कुठे अडकत नाही. दुसऱ्यांदा लावली तरी तशीच वाजली.
ड्राइव्हमध्ये काही बिघाड नव्हता.