जिवंत माणसाचं पान

बुधवार, २२ ऑक्टोबर

चिरंजीव भोंग्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

नुसतं 'चि.' न लिहिता चिरंजीव हा शब्द आज मुद्दाम पूर्ण लिहिला आहे. का, ते पुढे येईलच.

आम्ही सगळे मजेत आहोत. लेक-जावई ठीक. नात सायकल शिकली आणि आता दुकानावरून जाताना एक हात सोडून मला दाखवते, तेव्हा माझा जीव खालीवर होतो. गुडघा कुरकुरतो, पण दुकान चालू आहे. सध्या एका दवाखान्यातल्या बाकांना नवीन गाद्या शिवतेय. कापड इतकं जाड आहे की मशीनसुद्धा माझ्याकडे रागाने बघते.

तुझा पत्ता तुझ्या जुन्या डेपोच्या कँटीनवाल्याकडून मिळवला. तो म्हणाला, "रिटायर झाल्यावर साहेब तिकडे राहायला गेले. जाताना हे लिहून दिलं होतं. पण ताई, त्याला बरेच दिवस झाले हां." तुझा जुना फोन मी आधीच लावून पाहिला होता. ती बाई म्हणते, हा क्रमांक अस्तित्वात नाही. अशा गोष्टी जरा सांभाळून बोलाव्यात, एवढं तरी तिला शिकवायला हवं होतं.

असो. आजोबांपासून सुरुवात करते.

आठवतंय ना, लेकीच्या सासरची माणसं पहिल्यांदा घरी जेवायला आली होती. बाबा मोठ्या हौसेने त्यांना आपल्या कप्तान बापाची गोष्ट सांगत होते, आणि तू मध्येच तोंड उघडलंस, "कसले कप्तान! जहाजावर बटाटे सोलायचे." सगळे हसले. बाबाही हसले, पण त्यांच्या हातातला घास हातातच राहिला. मी तुला आत नेऊन झापलं. "एवढं झोंबत असेल तर समजा मी मेलो," असं म्हणून तू चपला घातल्यास आणि गेलास. मीही म्हटलं, जा. बाबा गेले त्या दिवशी आलास, दाराशी उभा राहिलास, आणि माझ्याशी एक शब्द न बोलता परत गेलास.

बाबांनी शेवटपर्यंत तुझं नाव काढलं नाही. दर शनिवारी काठी घेऊन एकटेच फिरायला निघायचे, मला बरोबर येऊ द्यायचे नाहीत. परत आले की त्यांच्या रुमालाला संत्र्याचा वास यायचा. मी मनात म्हणायचे, पोराने एवढं दुखावलं की म्हातारा कुठेतरी बाकावर एकटा बसून संत्री खातो. तुझ्यावरचा राग मी त्यांच्या वतीने जपून ठेवला. अगदी घडी करून, इस्त्री मारून.

तर मागच्या वर्षी मी ठरवलं, आजोबा कप्तान होते हे शोधून काढायचं आणि पुरावा तुझ्या तोंडावर फेकायचा. हेतू एवढाच होता. उगाच काही उदात्त समजू नकोस.

कोपऱ्यावरच्या ग्रंथालयात दोन कॉम्प्युटर आहेत. तिथली मुलगी, मी तिला चष्मेवाली म्हणते, तिने मला बसवलं. जुन्या जहाजांवरच्या माणसांच्या याद्या, जन्ममृत्यूच्या नोंदी, पन्नास-साठ वर्षांपूर्वीची वर्तमानपत्रं, सगळ्याचे फोटो काढून लोकांनी इंटरनेटवर घालून ठेवलेत आणि बघायला एक पैसा लागत नाही. माझा विश्वास बसेना. काहीतरी गोम असणार म्हणून मी थोडे दिवस बिलाची वाट पाहिली. आलं नाही.

मी थेट कप्तानांच्या यादीत घुसले. कप्तान भरपूर मिळाले, आपला एकही नाही. चष्मेवाली माझ्या मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "काकू, तुम्ही छपरापासून घर बांधताय. आधी स्वतःला लिहा, मग आई-बाबा, मग त्यांचे आई-बाबा. एकेक पायरी मागे जायचं." मग तसं केलं. बाबांची जन्मनोंद मिळाली, तिच्यावरून आजोबांचं पूर्ण नाव आणि बंदर मिळालं, आणि बंदरावरून जहाज.

आजोबा सापडले, भोंग्या. कप्तान नव्हते. पण बटाटेही सोलत नव्हते. नावापुढे काम लिहिलंय, शिडं शिवणारा.

जन्मभर मी जाड कापडात सुई रेटत आले. तळहाताला चामड्याचा पट्टा बांधून सुई ढकलायची माझी खोड कुणाची म्हणून लोक विचारायचे, आणि मी म्हणायचे, कुणाची नाही, माझीच. आणि तिथे हा माणूस, समुद्रावर, तेच करत बसलेला. मला हे सगळ्यात आधी तुला सांगावंसं वाटलं. मग आठवलं की आपण बोलत नाही.

त्याच संकेतस्थळावर वंशवृक्ष मांडता येतो. सगळ्या जगाचा मिळून एकच वृक्ष, ज्याला जे माहीत असेल ते त्याने लिहायचं. मी आजोबांचं पान केलं, बाबांचं केलं. खाली मला लिहिलं. तुला लिहिलं नाही. राग होता, म्हणून नाही लिहिलं. तिथला एक नियम चष्मेवालीने मला पहिल्याच दिवशी सांगितला होता, "जिवंत माणसाचं पान ज्याने केलं त्याच्याशिवाय कुणाला दिसत नाही, काकू. गेलेल्यांचं मात्र सगळ्यांना दिसतं." मला ते पटलंही होतं.

आता खरं ते लिहिते. इतका वेळ टाळत होते.

मागच्या शुक्रवारी मी बाबांचं पान उघडलं. मुलांच्या जागी माझ्या शेजारी आणखी एक चौकट होती. तुझं नाव, तुझी जन्मतारीख, आणि आपला तो फोटो, ज्यात मी तुला कॉलर धरून कॅमेऱ्यासमोर उभं केलंय आणि तू भोकाड पसरलं आहेस. खाली एक शब्द, मृत. तारीख नाही, गाव नाही. नुसतं मृत.

फोटोखाली बराच मोठा मजकूर होता, आठवणी म्हणून कुणीतरी लिहिलेला. मी पडद्यावर हात ठेवला आणि चष्मेवालीला म्हटलं, बंद कर. ती म्हणाली, "कुणीही लिहू शकतं काकू, चूकही असेल. निदान वाचून तर बघा." मी नाही वाचलं. गेलेल्या माणसाबद्दलचं वाचतात. मी तुझं वाचणार नाही. तुला बायको नाही, पोर नाही. मला कळवणार तरी कोण होतं? शेजारचं कुणी? कुणी तिऱ्हाईत? तेव्हापासून मी दुकानात बसते, पण टाके वाकडे पडताहेत.

लेक म्हणाली, चल, गाडी करून जाऊन येऊ. मी नको म्हटलं. दाराला कुलूप दिसलं तर मी काय करू? पत्र परत आलं तर निदान घरी बसून रडेन.

तू असशील तर मला एक ओळ लिही. शिवी लिहिलीस तरी चालेल. 'समजा मी मेलो' म्हणालास तेव्हा मी लगेच समजले नव्हते रे. एक दिवसही समजले नव्हते. मला वाटायचं, हा कधीतरी दार वाजवेल, मी थोडा वेळ तोंड फिरवून उभी राहीन आणि मग जेवायला वाढीन. तेवढ्या भरवशावर इतकी वर्षं रागावता आलं.

पाकिटावर तुझंच नाव घातलंय. दुसऱ्या कुणी फोडू नये.

तुझीच,
ताई


मंगळवार, ४ नोव्हेंबर

तीर्थरूप ताईस,
भोंग्याचा साष्टांग नमस्कार.

आहे. जिवंत आहे. रक्तदाब आहे, एक दाढ नाही, बाकी सगळं जागेवर आहे. तुझं पत्र जुन्या खोलीवर गेलं होतं. मी पुढच्याच गल्लीत राहायला आलोय. तिथल्या घरमालकाने आज सकाळी आणून दिलं आणि मी जिन्यातच बसून वाचलं. वरचे-खालचे लोक बाजूने जात होते, आणि मी साठीतला माणूस नाक पुसत बसलो होतो.

आता ऐक, आणि हातात सुई असेल तर आधी खाली ठेव. ते पान मीच केलं. मृत असंही मीच लिहिलं.

शिव्या देऊन झाल्या की पुढे वाच.

मीसुद्धा तिथे आजोबांनाच शोधत होतो. तुला कप्तान सिद्ध करायचे होते, मला खरं काय ते हवं होतं. डेपोत सगळ्यांच्या ड्यूट्या लावण्यात आयुष्य गेलं. रिटायर झाल्यावर रिकामा बसलो आणि या फुकटच्या नोंदींचं वेड लागलं. शोधत शोधत बाबांच्या पानावर पोचलो, तर ते कुणीतरी आधीच केलेलं. आजोबांचंही. आणि आजोबांच्या पानावर, कामाच्या रकान्यात, 'शिडं शिवणारा' याच्यापुढे कुणीतरी लिहून ठेवलं होतं, 'बटाट्याचा संबंध नाही!' सगळ्या जगाच्या वृक्षावर असं दुसरं कोण लिहिणार? मी तिथेच हसत सुटलो.

तुला पत्र लिहायला बसलो. फाडलं. परत बसलो, परत फाडलं. समोर तुझा चेहरा दिसला की माझं वाक्य मोडायचं. मग वाटलं, आपण तिथेच लिहू, तू तिथे येत असणारच. माझं पान केलं, फोटो लावला, खाली जे सांगायचं होतं ते सगळं लिहिलं. मग वाट बघत बसलो. तुझ्याकडून हूं नाही की चूं नाही. शेवटी तिथले नियम वाचले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की मी जिवंत, म्हणून ते पान माझं मलाच दिसत होतं.

तुला दिसावं म्हणून एकच रस्ता होता. म्हणून मेलो. मूर्खपणा झाला, मान्य. पण ताई, मजकुराची पहिली ओळ काय होती सांगू? 'ताई, घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे.' मला काय माहीत, तू पडद्यावर हात ठेवशील! बरोबर त्या ओळीवर ठेवलास वाटतं. त्या चष्मेवालीचं ऐकलं असतंस तर दोघांचाही जीव भांड्यात पडला असता.

तुला इतके दिवस घाबरवलं, त्याचं मला खरंच वाईट वाटतं. जिन्यात त्याचंच रडू आलं.

पान तू वाचच. पण त्यातलं मुख्य आत्ता सांगतो, कारण तुझ्या पत्रात ते रुमालाचं वाचून माझ्याच्याने राहवत नाही.

बाबा शनिवारी माझ्याकडे यायचे.

त्या जेवणानंतरच्या दुसऱ्याच शनिवारी आले. डेपोच्या बाकावर येऊन बसले आणि खिशातून दोन संत्री काढली. म्हणाले, "बटाटे नव्हेत रे गाढवा. काहीतरी शिवायचे ते. आई कप्तान सांगायची, मला ते मोडवत नव्हतं, एवढंच." आणि हसायला लागले. मी पाया पडलो. नंतर आजारी पडेपर्यंत त्यांनी एक शनिवार चुकवला नाही. साली माझ्या टेबलावर ठेवून जायचे. घरी तुझं काय चाललंय, लेकीचं काय, नवीन मशीन कसं चालतं, सगळं मला सांगायचे. माझं नाव ते घरी काढत नव्हते, कारण काढलं असतं तर तोंडातून सगळंच निघालं असतं.

मी म्हणायचो, बाबा, ताईला सांगा की. ते म्हणायचे, "ती माझ्या बाजूने रागावली आहे. आयुष्यात कुणी माझ्यासाठी एवढं भांडलं नव्हतं. थोडे दिवस राहू दे." थोडे दिवस म्हणता म्हणता ते गेले. दाराशी उभा होतो ना, तेव्हा हेच सांगायला आलो होतो. तू माझ्याकडे पाहिलंस आणि मला वाटलं, आज हे सांगितलं तर बाबांसाठी जपलेला रागही आपण हिच्याकडून काढून घेऊ. म्हणून गेलो. तो राग बाबांना आवडायचा, ताई. तो वाया गेला असं समजू नकोस.

आता कामाचं. या रविवारी सकाळच्या बसने निघतोय. दुपारी तुझ्या दारात येईन. तू तोंड फिरवून उभी राहणार आहेस ते कळलं. फार वेळ राहू नकोस, भूक लागलेली असेल.

शनिवारपर्यंत ग्रंथालयात जाऊन पान वाचून घे. रविवारी निघण्याआधी मी स्वतःला परत जिवंत करणार आहे, आणि मग ते तुला पुन्हा दिसायचं नाही. मृत हा शब्द तिथे असाच पुसता येत नाही. बदलाचं कारण द्या म्हणून एक रिकामी चौकट समोर येते. तिच्यात काय लिहायचं ते मी ठरवलंय.

'ताईचं पत्र आलं.'

तुझा, रविवार सकाळपर्यंत कैलासवासी,
भोंग्या