फरशीवर न उमटलेला घाम

फैजपूर, चैत्र १९५३. संध्याकाळ.

तालमीतल्या गड्यांनो, तुमची मेहनत मोजतात ती फक्त तालमीतली! हे भाषण नव्हे, पण राग जात नाही.

जोर काढताना फरशीवर घामाचा ओला ठसा उमटला, की वस्ताद थांबू देतात. आज आमच्या तालमीतल्या सुपडूची फरशी कोरडीच राहिली.

"आळशी झाला का रे? काढ अजून!" वस्ताद ओरडले.

त्याचे दंड थरथरत होते. परवा जत्रेत त्याची कुस्ती. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं.

"दिसभर केळीचे घड वाह्यले, भाऊ. घाम वावरातच सरला. वस्तादले कसं सांगू?"

तीच कोरडी फरशी डोळ्यांपुढून हलत नाही. तो आळस होता? अशा दमल्या अंगानं जोर काढताना खांदा निखळला तर परवा लढणार कोण?

वस्ताद, उद्या जोर सांगण्याआधी सुपडूला एवढंच विचारा: आज काय वाहिलंस?