दादांच्या नावाचं ‘होय’

कोल्हापूर,
९ फेब्रुवारी २०२५

चि. अमरसिंह भावजींना अनेक आशीर्वाद.

तुम्ही, अनुजा आणि मुलं बेंगळुरूत खुशाल असाल. इकडे मी बरी आहे. सकाळी गारवा असतो, दुपारी ऊन चटकतं. तुमच्या दादांची पुस्तकं झाडून पुन्हा लावली. अर्धी वाचून झाली, अर्धी कळली नाहीत.

तुम्ही पाठवलेली सॉफ्टवेअरची दुरुस्ती मिळाली. ती कधीच मिळाली होती.

तुम्ही लिहिलं होतंत, ‘वहिनी, दादांच्या खात्यातून होय दाबा, एवढंच. समजून घ्यायची गरज नाही.’ मी उत्तर दिलं नाही. तुम्हाला वाटलं असेल, बाईला खातं उघडता येत नसेल. पण शेवटच्या वर्षी दादांची नजर गेली, तेव्हा तुम्हा दोघांचं ते सॉफ्टवेअर, ज्यावर लोक प्रश्न-उत्तरं पोचवणारे आपापले बॉट बांधतात, मी त्यांना ओळ-ओळ वाचून दाखवत होते. बॉटने एकाच्या उत्तरासाठी अडून राहायचं नाही, तोवर दुसऱ्याचं ऐकायचं, हे त्यांनीच मला समजावलं. दोघा भावांच्या होयशिवाय कोणताही बदल बाहेर जायचा नाही, हा नियमही त्यांचाच. बोट माझं असायचं, होय त्यांचं.

आज सकाळी नेसरीहून धोंडुबाईंचा फोन आला. गुरांच्या डॉक्टरांना प्रश्न विचारायला दादांनी बॉट बांधला होता, तो त्या वापरतात.

“बाई, आमच्या म्हशीला वार पडायच्या गोळ्या सांगितल्यात.”

“मग?”

“म्हैस अजून व्यालीच न्हाय की. वार कसली पडायची?”

“गोळ्या दिल्या का?”

“पेंडीत कालवून पुढं ठेवल्यात.”

“आधी ते घमेलं उचला.”

फोन तिथेच टाकून त्या पळाल्या. मला नुसतं हंबरणं ऐकू येत होतं. मग त्यांचा आवाज आला, “उचललं. तोंड घातलंतं तिनं, पर खाल्लं न्हाय. तुमचा डागदर शुद्धीत हाय न्हवं?”

डॉक्टर शुद्धीत होते. ते उत्तर दुसऱ्या कुणाच्या गाईसाठी होतं. पुष्कळ जणांनी एकदम विचारलं की एकाचं उत्तर दुसऱ्याला जातं, असं तुम्ही लिहिलंच होतंत. विचारणाऱ्याचं नाव दादांनी एकाच जागी ठेवलं होतं. मागून आलेला पुढच्याला पुसून टाकायचा. तुम्ही प्रत्येकाला वेगळी जागा दिलीत. मी ते आलं त्याच दिवशी वाचलं. बरोबर आहे, हेही त्याच दिवशी कळलं.

तरी होय दिलं नाही. तुमच्या दुरुस्तीत दादांनी लिहिलेला तो सगळा भाग जातो. त्या ओळींवर ते मला थांबवायचे, ‘परत वाच’ म्हणायचे. अजून तसंच ऐकू येतं. आणि दुसरं कारणही लिहिते. त्यांना खांदा द्यायला तुम्ही आला नाहीत, आणि त्यानंतर तुमचा पहिला निरोप आला तो बटण दाबा म्हणून. म्हटलं, ताटकळू दे यांनाही. ताटकळलं भलतंच कोणी.

मी लगेच बॉट बंद करून डॉक्टरांना कळवलं. सकाळी विचारलेल्या सगळ्यांना ते स्वतः फोन करत आहेत. ज्यांच्या गाईची वार व्याल्यावर आत अडकली होती, त्यांना उत्तरच गेलं नव्हतं. त्यांचा फोन अजून लागलेला नाही.

दुपारी खातं उघडलं. गेलेल्या माणसाच्या तोंडून होय वदवून घेणं माझ्याने झालं नाही. होय देणाऱ्यांतून त्यांचं नाव काढलं. तिथे माझं घातलं, आणि तुमची दुरुस्ती माझ्या होयने बाहेर सोडली.

पुढचा बदल पाठवाल तेव्हा समजावून लिहा. कळेपर्यंत मी तो सोडणार नाही. कळल्यावर, तुमच्यावर कितीही रागावलेली असले, तरी अडवणार नाही.

राग अजून आहे.

तुमची वहिनी,
कालिंदी