थर्स्टन कापडवाल्याची वाटणी

मी, थर्स्टन, वय सत्तरच्या आसपास, धंदा लोकर आणि कापड, यॉर्क शहराचा दोन वेळचा महापौर, राहणार ऊज नदीच्या धक्क्याजवळ, गुडघ्यांनी निकामी पण अक्कलहुशारीने शाबूत, आज राजीखुशीने माझ्या मागची व्यवस्था लिहवून ठेवतो. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. बायको एमट दाराशी उभी आहे, पण नुसतीच उभी आहे.

कलम पहिले. आत्मा देवाचा, तो त्याला परत. देह आमच्या चर्चच्या उत्तरेकडच्या भिंतीशी पुरावा. मेणबत्त्या बेताच्या लावाव्यात, जेवण मात्र पोटभर घालावे. 'म्हातारा गेला आणि बिअरमध्ये पाणी होतं' असे कोणी म्हणता कामा नये.

कलम दुसरे. राहते घर आणि माडीवरचा पलंग, पडद्यांसकट, एमटला. तिने पुन्हा लग्न केले तरी घर तिचेच राहील. हे ऐकून ती दारातून म्हणाली, "अहो, एक केलं तेवढं पुरे झालं!" हे लिहू नये असे मी कारकुनाला सांगितले, तरी त्याने लिहिले आहे. असो.

कलम तिसरे. दुकान, कापड मोजायचे गज, कात्र्या आणि गिऱ्हाइके मुलगी सबीनाला. जावई ह्यू याला माझा कोल्ह्याच्या कातड्याचे अस्तर लावलेला झगा. ऊब घेत बसणे हा त्याचा आवडता उद्योग आहे.

कलम चौथे. मासळीवाला ऑस्बर्ट याला माझा चांदीचा पेला. आम्हा दोघांना ओळखणारा माणूस इथे चमकेल, म्हणून कारण नमूद करतो.

माझा जन्म या शहरातला नाही. थॉर्नहोच्या जहागिरीत, वेठीच्या कुळात मी जन्मलो. तिथे जमीन धन्याची, बैल धन्याचा आणि माणूसही धन्याचाच. विशीत मी पळालो. शहरात सलग एक वर्ष आणि वर एक दिवस काढला की धन्याचा हक्क संपतो, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असते. मी धक्क्यावर लोकरीचे गठ्ठे वाहू लागलो आणि पहिल्याच दिवशी एक गठ्ठा ऑस्बर्टच्या टोपलीवर आदळला.

"ए घोंगड्या, डोळे फुटले का तुझे?"

"टोपली वाटेत कशाला मांडलीस, बोंबल्या?"

तेव्हापासून आमचे जे जुंपले ते आजतागायत. गटारावरून भांडलो, डुकरांवरून भांडलो, मिरवणुकीत पुढे कोणी चालायचे यावरून तर धर्मगुरूंसमोर भांडलो.

पहिल्यांदा महापौर निवडून आलो त्या सकाळी भर सभागृहात थॉर्नहोचा कारभारी उभा राहिला. "हा माणूस आमच्या धन्याचा आहे. पहिल्या वर्षी हा शहरात नव्हताच, रानात लपला होता. कोणी पाहिलंय याला? आणा साक्षीदार!"

माझा मुकादम, मला आसरा देणारी म्हातारी, तेव्हाचे सोबती, सगळे मोठ्या मरीत गेलेले. मी वेठीचा ठरलो असतो तर दुकान, घर, एमटचा हात धरून उभी असलेली सबीनासुद्धा त्या जहागीरदाराची झाली असती.

एवढ्यात मागून मासळीचा वास आला आणि त्यामागोमाग ऑस्बर्ट.

"मी पाहिलंय याला," तो म्हणाला. "संत मायकेलच्या सणाला यानं माझी टोपली फोडली. नाताळात अंगावर चिखल उडवला. ऐन उपासाच्या दिवसांत, मटण बंद आणि मासळीला उठाव असताना, माझ्या पाटीपुढे गाडा आडवा घातला. उन्हाळाभर माझ्या आईच्या नावानं गाणी म्हटली. पुन्हा संत मायकेलचा सण आला, तेव्हा मी याच्या नाकावर ठोसा लगावला, आणि दुसऱ्या दिवशी यानं तो परत केला. झालं वर्ष, झाला वरचा दिवस! मधला एक आठवडा जरी सुखानं गेला असला तर माझं नाव बदला."

कारभारी फणकारला, "तुम्ही याचे मित्र, तुम्ही असंच बोलणार."

यावर सभागृह जे हसत सुटले, ते कारभारी घोड्यावर बसून वेशीबाहेर जाईपर्यंत थांबले नाही.

बाहेर आल्यावर मी विचारले, "का रे केलंस?"

"तू वेठीला गेलास तर मी भांडू कुणाशी? या नव्या पोरांना धड शिव्याही येत नाहीत."

दुसऱ्या निवडणुकीत त्याने माझ्याविरुद्धच मत दिले. पेला हलक्या चांदीचा आहे असे तो म्हणेल. त्याला म्हणू द्यावे.

कलम पाचवे. थोरली बहीण गुनिल्ड हिला थॉर्नहोलगतचे, मी खरेदी केलेले कुरण. महापौर झाल्यावर पहिले काम केले ते तिचे मुक्तिपत्र मिळवण्याचे. कागद घेऊन स्वतः गेलो, शहरात चल म्हणालो. ती म्हणाली, "बाबा रे, तुझ्या शहराला वास येतो. आणि माझी बदकं कोण राखणार, महापौर?" ती तिथेच राहिली. पण पहाटे वेठीची घंटा वाजली की कूस बदलून झोपते, असे तिने मला दोनदा कळवले आहे.

कलम सहावे. इतके बारीकसारीक कशाला, असे कारकुनाने आत्ताच विचारले. त्याचा हात दुखतो आहे. त्याला उत्तर असे की, माझे वडील वारले तेव्हा देह अजून घरात होता, आणि धन्याचा माणूस दावणीची चांगली गाय सोडून घेऊन गेला. वडिलांची ती गाय गुनिल्डला द्यायची इच्छा होती. पण वेठीच्या माणसाचे स्वतःचे असे काही नसते, म्हणून त्याच्या इच्छेला कोणी विचारत नाही.

तेव्हा लिहा. लाकडी चमचे सबीनाला. तीन पायांचे स्टूल शेजारीण एव्हिसला, ते तसेही तिच्याकडेच आहे. माझी टोपी भिंतीवरच राहू द्यावी, एमटला तिच्याशी बोलायची सवय आहे. कुत्रा ज्याच्या मागे जाईल त्याचा. यातले सगळे माझे आहे, आणि मी ते माझ्या हाताने देतो आहे.

मोहोर व सही: थर्स्टन

साक्षीदार: पाद्री अ‍ॅन्सेल्म, रंगारी वॉरिन, याला लिहिता येत नसल्याने निळा अंगठा

ठिकाण यॉर्क, संत मार्टिनच्या सणाचा दुसरा दिवस, सन १३८६